बसा ना

आवाज असा घुमायचा की स्टुडिओत त्याला सगळे खर्जच म्हणत. सिनेमा डब करायचा आणि त्यात खलनायक आहे म्हटलं, की खर्जाला बोलावणं ठरलेलं. दुकानात नुसती साखर मागितली तरी दुकानदार दचकायचा.

आज मात्र गाडं अडलं होतं. सिनेमा परदेशी: बॉम्बस्फोटाच्या संशयावरून सरकारने उचललेला माणूस आणि त्याला बोलतं करणारा अधिकारी. खर्ज जीव तोडून ओरडत होता, "बस खाली!" पण पडद्यावर अधिकाऱ्याचे ओठ जेमतेम हलत होते. त्यात खर्जाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी दादा घर सोडून चालला होता.

दादा म्हणजे थोरला भाऊ. ऐन तारुण्यात त्यालाही असंच संशयावरून उचललं होतं. सुटून आला तेव्हा "चुकून नेलं होतं," एवढंच म्हणाला. पुढे त्यावर अवाक्षर नाही. एक खोड मात्र जडली. कुणी 'बसा' म्हटलं की हा ताडकन उभा! घरात त्याची चेष्टा चालायची. परवा खर्जाच्या सासूबाई आल्या, "बसा ना, बसा ना" म्हणत राहिल्या, तर हा सरळ घराबाहेर. सासूबाई रुसल्या, बायकोने अबोला धरला आणि खर्ज आपल्या त्या आवाजात दादावर गरजला, "बसलास तर काय झिजशील का?" दुसऱ्याच दिवशी दादाने भाड्याची खोली पाहिली.

"अरे, ओरडू नकोस," दिग्दर्शिका म्हणाली. "मारून मारून झालंय त्याचं. आता गोड बोलतोय. घरी पाहुणा आल्यावर कसा बोलशील, तसं बोल."

खर्जाने पडद्याकडे पाहिलं. कधीपासून उभा ठेवलेला माणूस, लटपटणारे पाय, समोर रिकामी खुर्ची. तो हळूच म्हणाला, "बसा ना. दमला असाल."

ओठ तंतोतंत जुळले. पडद्यावरचा माणूस हुंदका देत खुर्चीवर टेकला आणि टेकताक्षणी पुन्हा मार सुरू झाला.

खर्जाला दादाचं ते ताडकन उठणं आठवलं. किती साधे शब्द, घराघरातले! आणि ते ऐकत दादा इतकी वर्षं माणसांत वावरला. दवाखान्यात उभा, पाहुण्यांपुढे उभा. आम्ही हसलो, त्याने हसू दिलं. एवढं पोटात ठेवून हा माणूस रोज सकाळी आपल्याला चहा करून देतो! आपला भाऊ केवढा मोठा आहे, हे त्याला आज कळत होतं.

तो घरी पोचला तेव्हा दादा बॅग घेऊन दारात उभा होता. बायकोचा राग विरघळला होता. "भाऊजी, निदान दोन मिनिटं ब..."

खर्जाने हात वर करून तिला थांबवलं. मग तो दादाच्या पायाशी, उंबऱ्यावरच बसला.

दादाने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही रे. आज ते माझ्याच तोंडून निघालं."

दादाने बॅग खाली ठेवली आणि आपणहून त्याच्या शेजारी टेकला.