अडलेल्या बाईभोवती

कोपऱ्यावरच्या जमिया नावाच्या दुकानातून लबान आणते म्हणून सून घराबाहेर पडायची आणि तासाभरानं घामेजून, हात हलवत परत यायची. वर तोंड करून सांगायची, लबान संपलं होतं. सबंध कुवेतात एका घरापुरतं ताक मिळू नये होय, असं पुटपुटत नर्मदाबाई त्या मंगळवारी समिधाच्या मागोमाग जिना उतरल्या. सव्वा महिना अजून सरला नव्हता. मूल हाती लागलं नाही म्हणून काय झालं? बाळंतीण ती बाळंतीणच.

समिधा रस्त्यावर गेलीच नाही. तळमजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या बाईचं दार लोटून आत शिरली.

नर्मदाबाईंनीही दार लोटलं. आत खुंट्यांवर बुरख्यासारखे काळे अबाये टांगलेले, खिडक्यांना जाड पडदे. डफासारखं काहीतरी वाजत होतं आणि कमरेला ओढण्या बांधून बायका पोट हलवत होत्या. त्यांच्यात समिधा. हात वळत होते, कंबर फिरत होती, चेहरा मात्र भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटासारखा.

वाजणं थांबलं. घराची मालकीण सुहैर, पिकल्या केसांची जाडजूड बाई, खुर्ची घेऊन पुढं आली. नर्मदाबाई बसल्या नाहीत.

"आई, तुम्ही घरी जा. मी येते," समिधा म्हणाली. आवाजात ना भीती, ना लाज. दवाखान्यातून आल्यापासून ती अशीच बोलायची.

"जाते. माझा प्रसाद कामावरून आला की त्याला सांगून तुला गुहागरला घेऊनच जाते. आधी हिला विचार, हा नंगानाच हिला शिकवला कुणी?"

"आई."

"विचार गो. आणि ती सांगेल ते जसंच्या तसं सांग. गाळू नकोस काही."

समिधानं इंग्रजीत विचारलं. सुहैर रागावली नाही. ती सावकाश बोलू लागली आणि समिधा, विजेचं बिल वाचून दाखवावं तशी, सांगू लागली.

"तिच्या आजीनं शिकवला. नाईलकाठच्या खेड्यात. म्हणते, हा नाच मुळात कुठून आला ते कुणालाच नक्की ठाऊक नाही, जो तो आपलंच खरं म्हणतो. शहरात हॉटेलं झाली, पुरुष खुर्च्या टाकून बसायला लागले, तेव्हा तो चमचमता पोशाख आला, पोट उघडं पडलं. उरलंसुरलं सिनेमानं केलं. आजीच्या गावात अंगभर कपड्यात नाचायच्या. घरातल्या घरात, बायकाबायकांत."

"आमच्या गौरीच्या फुगड्यांसारखं म्हण की. पण पोटच का हलवायचं? ते विचार."

समिधानं विचारलं. सुहैर तिच्याकडे बघत राहिली, मग हलक्या आवाजात दोन-चार वाक्यं बोलली.

"काय म्हणाली?"

समिधानं ओढणीची गाठ चाचपली. "आजी सांगायची, बाई अडली की बाकीच्या तिच्याभोवती गोल करून असं पोट फिरवायच्या. तिनं बघून तसंच करावं म्हणून. कळा सोसाव्यात म्हणून. मूल..."

सुहैरनं खुर्ची नर्मदाबाईंच्या आणखी जवळ सरकवली.

"मूल खाली यावं म्हणून," तिनं वाक्य पुरं केलं. चेहरा तसाच होता. गाठीवरचा हात तेवढा पोटावर सरकला आणि तिथंच राहिला.

वरच्या घरात 'मूल' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. नर्मदाबाईंनीच तशी ताकीद दिली होती. कुंची, झबली त्यांनी बॅगेत तळाशी घालून वर आपली लुगडी रचली होती. अळिवाचे लाडू तेवढे रोज वळत होत्या. समिधा ते खायची, गोड झालेत का म्हटलं तर मान हलवायची. रडली नव्हती ती. कुणीच रडलं नव्हतं.

"हिला ठाऊक आहे? तुझं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं."

"परक्या बाईला सांगितलंस. आणि माझ्या तोंडावर ताक संपलं म्हणून थापा मारतेस."

"तुम्ही काही विचारलंच नाहीत, आई."

नर्मदाबाईंनी खुर्ची ओढली. बसल्या. पदर गुडघ्यावर नीट केला.

"वाजव म्हणावं तिला."

डफ सुरू झाला. बायका बिचकत, मग न बिचकता हलू लागल्या. नर्मदाबाईंनी एकदाही नजर हटवली नाही. बाजारात कोंबडी पारखावी तशी त्यांनी सून पारखली. वाजणं थांबलं तेव्हा त्या उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"हात बरे वळतात तुझे. पोट मात्र आवळून धरलंयस, गो. गुहागरला नेऊन ते सुटायचं नाही. इथंच येत जा."