नळीने खाल्लेली हवा

डोळे मिटा पाहू. आता अशी कल्पना करा, की तुम्ही फक्त आठ महिन्यांचे आहात आणि तुमच्या एका श्वासात जेमतेम आठ चमचे हवा मावते. एवढीशी हवा मोजायची, तर मोजणाऱ्याने किती जपून मोजायला हवी! बरं, उघडा डोळे.

असाच एक टिल्लू होता. छातीत कफ दाटला म्हणून त्याला लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. आजार उतरणीला लागला होता, पण तोंडातली नळी अजून निघाली नव्हती. त्या नळीतून एक यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, त्याला श्वास घ्यायला मदत करत होतं. टिल्लूची आत्या तिथलीच डॉक्टर. तिने सांगून ठेवलं होतं, "यंत्राची मदत आहे तेवढीच ठेवू. त्यात याचा श्वास पन्नास मिलिलीटर, म्हणजे दहा चमचे झाला, की नळी बाहेर. मग खुशाल मांडीवर घ्या."

ते "मांडीवर" टिल्लूच्या ताईने, भिंगरीने, मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

तिला भेटायला फार थोडा वेळ मिळे. तेवढ्यात ती पलंगाच्या कठड्याला हनुवटी टेकवून एक डोळा मिटायची. पलीकडच्या भिंतीवर कुणीतरी पिवळी चांदणी चिकटवली होती. टिल्लूने श्वास घेतला, की त्याच्या पोटाची टेकडी वर यायची आणि चांदणीचं खालचं टोक झाकलं जायचं. बस्स, तेवढंच.

त्या दिवशी जुनं यंत्र तपासणीला गेलं होतं आणि त्याच्या जागी नवं, मोठ्या पडद्याचं आलं होतं. पडद्यावर आकडा होता पंचावन्न!

"काल अडतीस होता!" बाबा जागच्या जागी उडालेच. "आज नळी निघणार! मी आजोबांना फोन करूनही टाकला."

"उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग," आई म्हणाली, पण तीही हसत होती.

भिंगरीने हनुवटी टेकवली, डोळा मिटला आणि तिचं तोंड हिरमुसलं.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"टोकच झाकलंय. चांदणी कालच्याएवढीच दिसतेय."

"झालं! हिच्या शंकांना अंत नाही. अगं, एवढं मोठं यंत्र काय खोटं बोलेल?"

"खोटं नाही बोलत, दादा," मागून आत्या आली. तिच्या एका हातात बोटाएवढा सेन्सर होता आणि दुसऱ्या हातात यंत्रापासून टिल्लूच्या तोंडापर्यंत येते तसलीच एक कोरी, लांब, वळ्यावळ्यांची नळी. "ते लांबून बोलतंय. भिंगरे, इकडे ये. एक टोक तळहाताने घट्ट बंद कर आणि दुसरीकडून फुंक."

भिंगरीने गाल फुगवून फुंकलं.

"गेली हवा आत?"

"थोडीशी गेली."

"बाहेर पडायला वाट नव्हती, तरी गेली?"

भिंगरी विचारात पडली. "नळीतच दाटीवाटीने बसली! नळीही जराशी ताणली असेल."

"शाब्बास. आता तोंड काढ."

फुस्स! सगळी हवा तिच्याच नाकावर आली. आईला हसू आवरेना.

"हे यंत्र नळीच्या त्या टोकाला, स्वतःपाशी मोजतं," आत्या सांगू लागली. "टिल्लूने सोडलेली हवा आणि नळीने खाल्लेली हवा, दोन्ही एकदमच परत येतात. आपल्यासारख्या मोठ्यांच्या श्वासात एवढा फरक खपून जातो. पण ज्याचा श्वासच आठ चमचे, त्याला तीन चमचे म्हणजे केवढे! काही यंत्रं नळीचा वाटा आपणहून वजा करतात, कालचं जुनंही करायचं. याचं ते अजून चालू केलेलं नाही. म्हणून मी थेट तोंडापाशीच मोजणार."

तिने तो चिमुकला सेन्सर टिल्लूच्या तोंडाजवळ जोडला. पंचावन्नचे झाले एक्केचाळीस.

बाबा मटकन स्टुलावर बसले. भिंगरीला वाटलं, आपणच चांदणी पाहून सगळा विचका केला. "आत्या, मी बोलले नसते तर आज नळी निघाली असती?"

"निघाली असती, तर तो दमला असता आणि पुन्हा घालावी लागली असती. मीही सेन्सर लावल्याशिवाय काढली नसतीच. आणि अगं, काल अडतीस, आज एक्केचाळीस. हे तीन त्याने स्वतः कमावलेत."

बाबा उठले. "आजोबांना पुन्हा फोन करतो. सांगतो, नळी नाही निघाली, पण नातू कमावता झाला."

पुढे टेकडी रोज थोडी थोडी वाढली. एके सकाळी चांदणीचं वरचं टोक तेवढं उरलं. पडद्यावर बावन्न! आत्याने बाकीचंही सगळं नीट तपासलं आणि नळी काढली. टिल्लू घोगऱ्या आवाजात असा काही रडला, की त्या रडण्यावर सगळे खूश.

भिंगरी खुर्चीत मांडी घालून केव्हाची तयार होती. आत्याने टिल्लूला अलगद तिच्या मांडीवर ठेवलं. बाबांची नजर मात्र सवयीने पडद्याकडे गेली. यंत्र बंद होतं.

"आता आकडा कसा कळायचा?" ते पुटपुटले.

भिंगरीने त्यांचा हात धरून जवळ ओढला आणि टिल्लूच्या पोटावर ठेवला.