डावी ओढ, उजवी थरथर

दसऱ्याला पोलाद कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदाराच्या यार्डातल्या सगळ्या गाड्यांना शेंदूर लागला, झेंडूच्या माळा चढल्या, चाकांपुढे नारळ फुटले. कोरी राहिली ती एकच, केवलरामची काळी विलायती मोटार. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, घरातले देव नदीत सोडले होते. त्यानं गाडी धुतली, पुसली, तेल-पाणी पाहिलं. एवढीच त्याची पूजा.

आणि दुसऱ्याच दिवशी गाडी थरथरायला लागली.

तीस मैलांपर्यंत काही नसायचं. काटा पस्तीस मैलांवर गेला की स्टिअरिंग हिवताप आल्यासारखं कापायचं. डावीकडे तर ती आधीपासूनच ओढत होती. हात जरा ढिला सोडला की निघालीच नालीकडे. यार्डात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच बोल झाला, नारळ फोडला नाही ना, घ्या आता.

यार्डाचा मुकादम हिरालाल गोंदियाकडचा. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यावं लागायचं. तो म्हणाला, "सोमवारी कारखान्याच्या रशियन साहेबाले राजहऱ्याले खाणीवर न्यायचं आहे. शनिवारी चार वाजता मी सोता तुह्या बाजूले बसतो. चाळीसवर गाडी हालली त चाबी शालिकरामले, अन् तू गिट्टीवर."

गिट्टी केवलरामला ठाऊक होती. दीड वर्ष त्यानं ती खडी फोडली होती. मजुरांच्या कॅम्पातल्या त्याच्या वस्तीत स्टिअरिंगला हात लागलेला तो पहिलाच माणूस. तो खाली उतरला असता तर एकटा उतरला नसता.

शनिवारी उजाडल्यापासून तो गाडीभोवती फिरत होता. चहा निवला, भाकर तशीच राहिली. त्यानं हवा मापली, दोन्ही पुढची चाकं सारखी. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. कुठं खडखड नाही, कुठं ढिलाई नाही.

शालिकराम आपल्या ट्रकच्या पायरीवर बसून चणे खात होता. "आज किती दिवस झाले भाऊ, तू तिची नाडीच पाहून रायला. एक नारळ फोड अन् मोकळा हो."

"नारळानं नट कसल्या जात असते त पाने कायले ठेवले असते बे?"

"बरं बाप्पा. मले चाबी भेटली का मी फोडीन. खोबरं तुलेबी देईन."

केवलराम हसला नाही. गाडी काढली, सुपेल्यापर्यंत नेली आणि परत आणली. सगळ्या वाटेत ब्रेकवर पाय म्हणून ठेवला नाही. यार्डात शिरताना हँडब्रेकनं थांबवली, उतरला आणि पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेक-ड्रमला हात लावला. थंड. डाव्याला लावला आणि तसाच झटकला. तळहात पोळला होता.

म्हणजे ब्रेक न दाबताही डाव्या चाकाला तो धरूनच बसत होता. डावं चाक मागं राही आणि गाडी त्या अंगाला ओढी. त्यानं चाकामागून ब्रेकचा नट सैल केला, चाक मोकळं फिरेपर्यंत. पुन्हा रस्त्यावर काढली. हात सोडून पाहिलं, गाडी सुतासारखी सरळ.

पण पस्तीसवर थरथर होतीच.

एक वाजला. तो बोनेटला टेकून उभा राहिला. डोक्यात नुसता गलका. मग अचानक त्याला एक साधी गोष्ट सुचली. ओढ दसऱ्याच्या चार दिवस आधीची, थरथर दसऱ्यानंतरची. दुखणी दोन होती आणि तो दोघांना एकच औषध शोधत होता.

त्यानं उजवं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक फिरलं, मंदावलं, थोडं मागं आलं आणि थांबलं. खाली आलेल्या जागेवर त्यानं खडूची रेघ मारली. पुन्हा फिरवलं. रेघ खालीच. तिसऱ्यांदाही खालीच. चाकाच्या एका अंगाला काहीतरी जड होतं.

तो खाली निजला, चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. चिखलानं माखलेलं एक गाठोडं बोटांना लागलं. तार सोडवली. काळ्या चिंधीत घोड्याची नाल, सोबत वाळलेलं लिंबू.

त्याचं लक्ष नालेकडे नव्हतं, तारेकडे होतं. सळया बांधायची तार. दोन पीळ देऊन टोक आत दुमडलेलं, हाताला टोचू नये म्हणून. असं टोक दुमडणारं एकच माणूस त्याच्या ओळखीचं होतं.

मनकर्णा, त्याची बायको, पलीकडे इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात रेजांच्या, मजूर बायकांच्या टोळीत सळया बांधत होती. त्याला येताना पाहून उठली. त्याच्या हातात काय आहे ते दिसलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"कावून केलं तू?" तो हळू बोलला. "देव सोडतानी नदीवर माह्या संगंच होती न तू?"

"होती. देव सोडले मी. भेव नाही सोडता आलं." ती खाली पाहत म्हणाली. "गाडी डाव्या अंगाले जाते, तुमीच सांगत होते. सगळ्याइनं पूजा केली, तुमची तेवढी राहिली. मले झोप नाही लागे."

"याच्यानंच चाक हालून रायलं होतं, मनकर्णा. याच्याच वजनानं."

तिनं ती नाल त्याच्या हातातून घेऊन आपल्या घमेल्यात टाकली. मग म्हणाली, "म्हंजे गिट्टीवर तुमाले मीच पाठवत होती?"

चारला हिरालाल येऊन बसला. केवलरामनं गाडी काढली. तीस, पस्तीस, चाळीस. हिरालालनं डॅशबोर्डवर विडीचं बंडल उभं ठेवलं होतं. ते पडलं नाही. त्यानं स्वतः स्टिअरिंगला बोट लावून पाहिलं.

यार्डात चार-पाच डायवर वाट पाहत होते. रेजांची सुटी झाली होती, मनकर्णाही घमेलं घेऊन फाटकापाशी उभी होती.

"फोडला वाटते शेवटी नारळ," हिरालाल उतरत म्हणाला.

"नाही. डावा ब्रेक चिकटत होता. अन् उजव्या चाकाले एका अंगानं वजन होतं."

"कायचं वजन?"

चिखल म्हटलं असतं तर भागलं असतं. चिखल होताही. पण खोटं बोलणार नाही असं त्यानं दीक्षा घेताना म्हटलेलं होतं, आणि खरं बोललं तर बायको उघडी पडत होती. त्याची नजर फाटकाकडे गेली. शालिकरामनं चणे चावायचे थांबवले.

"माह्या भेवाचं," मनकर्णा पुढे येत म्हणाली. तिनं घमेल्यातली नाल वर धरली. "मीनं बांधली होती चोरून. यायले मालूम नव्हतं. नारळ न फोडल्यानं नाही हालली गाडी, हे बांधल्यानं हालली."

कोणी हसलं, कोणी हसता हसता थांबलं. हिरालालनं तिच्याकडे पाहिलं, मग चाबी केवलरामच्या पोळलेल्या हातात टाकली. "सोमवारी सहा वाजता. साहेबाले थांबवू नको."

शालिकराम मनकर्णाजवळ गेला. "वहिनी, फेकत असन त मले दे वो ते नाल. माह्या ट्रकाले कामी येईन."

"चाकाले नोका बांधू फक्त," ती म्हणाली आणि दिली.

सोमवारी साहेब मागे बसला. रस्ता मोकळा लागला आणि काटा पस्तिसाच्या पुढे सरकला, तसे केवलरामचे हात आपोआप घट्ट झाले. थरथर आली नाही. चाळीसलाही आली नाही. तरी राजहरा येईपर्यंत तो तिची वाट पाहत राहिला.