काडीचा किडा

बाबांचं दुकान विकायला काढतोय, हे दादाने जेवता जेवता सांगून टाकलं आणि मिनूने हातातला घास ताटात टाकला. बाबांनी जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या. मेंदूला झटका आल्यापासून हात पूर्वीसारखा चालत होता, बोलणं ठणठणीत होतं, पण वाचायला बसले की घोळ. ‘काडी’ लिहिलं असलं की ‘किडा’ वाचायचे.

“डोकं गेलंय गं त्यांचं,” दादा म्हणाला.

“डोकं तुझं गेलंय! एखादी तार निसटलीय फक्त. कुठली ते दाखवतेच तुला.”

ऑफिसात ती कॉम्प्युटरला वाचायला शिकवायची. तिच्या प्रोग्रॅममध्ये तळाशी रेघा, वर अक्षरं, त्याहून वर शब्द, सगळे तारांनी एकमेकांना जोडलेले. रेघा अक्षराला उठवायच्या, अक्षरं शब्दाला, आणि उठलेला शब्द बाकीच्यांना गप्प बसवायचा. तोच प्रोग्रॅम घरी आणून तिने मोडायला घेतला. बाबांसारखा तो चुकला, तर बिघाड सापडला. पण कसचं काय! कुठलीही तार तोडली तरी मेलं भलतंच बरळायचं. काडीचा किडा काही होईना.

“मला मोडून बघतेस होय?” बाबा खुर्चीतून म्हणाले. त्यांना लागलं होतं.

मिनूला कसंतरीच झालं. पण हटली नाही. “मोडल्याशिवाय कळणार कसं, कुठे जोडायचं ते? बरं, माझं नाव लिहा.”

बाबांनी कुंचला उचलला. आधी ‘मन’ असं लिहिलं. मग म ला वेलांटी दिली, शेवटी न ला उकार. पाट्यांवर ते असंच करत, आधी अक्षरं, मग वरखालचं सगळं.

“आता वाचा.”

“मुनी.”

मिनूने कपाळावर हात मारला. तिच्या प्रोग्रॅममध्ये ‘मि’ हा एकसंध ठोकळा होता. वेलांटी सुटी नव्हतीच, मग ती घर चुकणार कशी? तिने सगळे काना, वेलांट्या, उकार सुटे केले, अक्षराशी बांधणारी तार तेवढी सैल केली आणि ‘काडी’ दाखवलं. पडद्यावर उमटलं, ‘किडा’.

“चुकलं! बाबा, अगदी तुमच्यासारखं चुकलं!” ती टाळ्या पिटत नाचायलाच लागली. दादा धावत आला.

“अक्षरंही दिसतात त्यांना, वेलांट्याही दिसतात,” ती त्याला म्हणाली. “कुणाची कोण, एवढंच कळत नाही. थांब, आपण सांगू.” तिने ‘मि’ लाल रंगात लिहिला, ‘नू’ निळ्यात.

बाबांनी एकेका रंगावर बोट ठेवलं. “मि… नू.”

तिचे डोळे भरून आले.

“पोरीचं नाव काय, पाठच असणार,” दादा म्हणाला. त्याने पाठ वळवून, तेच दोन रंग घेऊन एक शब्द लिहिला आणि कागद बाबांसमोर धरला.

“काडी,” बाबा म्हणाले. “किडा वळवळतोय तो तुझ्या डोक्यात, दुकान विकायचा.”