आडवा आवाज

बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात आईला टेकाडावरून गवत कापायच्या मोवरचा आवाज यायला लागला.

दुपारी, जेवणं झाल्यावर. आई भांडी विसळत असायची आणि मध्येच नळ बंद करून मान तिरकी करायची. "ऐक," म्हणायची. मी ऐकायचे. ओढ्याचं पाणी, फ्रिजची घरघर, लांब खाणीकडे चढणारा एखादा ट्रक. एवढंच.

"अक्रोडापासून निघालाय," आई सांगायची. "आडवा चाललाय... आता कुंपणापाशी. थांबला बघ."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझा बाप."

हे ती न घाबरता सांगायची. पोस्टाची गाडी आली, असं सांगावं तसं. आणि मग उरलेली भांडी जरा हलक्या हाताने धुवायची.

माझी पदवी नुकतीच झाली होती, भौतिकशास्त्रातली. लेक्सिंग्टन शहरातली नोकरी शरद ऋतूत सुरू होणार होती, तोवर मी घरीच होते. मी शिकले होते तसं एकेक शक्यता काढून टाकत गेले. शेजारच्या रॉइसदादाचा मोवर बंद पडलेला होता. वारा बहुतेक दुपारी घळीच्या वरच्या अंगाने यायचा आणि त्या बाजूला एकही घर नाही. खिडकीत फोन ठेवून आवाज टिपला, तर त्यात नळ होता, आईचा श्वास होता आणि माझंच "काही नाही" होतं. एकदा आई "ऐक" म्हणाली तेव्हा मी धावत टेकाडावर गेले. गवत गुडघाभर वाढलेलं, आणि त्यातली एक काडीसुद्धा दबलेली नव्हती.

आमचं घर घळीच्या तळाशी आहे. मागे थोडं सपाट अंगण, त्याच्या एका कडेला अक्रोडाचं झाड, मग चढ, आणि चढाच्या माथ्यावर आमचं स्मशान. पणजोबांपासूनचे साइझमोर घराण्यातले सगळे तिथे पुरलेले आहेत. जूनमध्ये डेकोरेशनचा रविवार येतो. त्या दिवशी ओहायोत गेलेले, मिशिगनला गेलेले सगळे नातलग परततात, कबरींवर फुलं ठेवतात आणि तिथेच चादरी अंथरून जेवतात. त्याआधी गवत कापलेलं नसलं तर वर्षभर त्या घराला नावं ठेवतात.

बाबांनी तो चढ तीस वर्षं ढकलायच्या मोवरने कापला. ढकलायचा मोवर चढावर आडवा चालवतात, कारण उभा नेला आणि पाय घसरला तर पाय थेट पात्याखाली जातो. बसून चालवायच्या मोवरचं नेमकं उलटं. तो उभाच न्यायचा, खालून वर, वरून खाली. आडवा नेला की कलंडतो. हे दोन्ही नियम आमच्या घळीत लहान पोरांनाही पाठ असतात. बाबांनाही होते. पण पहिला नियम त्यांच्या अंगात तीस वर्षं मुरलेला होता आणि दुसरा दोनच उन्हाळे. गुडघा गेल्यावर त्यांनी बसायचा मोवर घेतला, आणि एका दुपारी स्मशानाच्या खालच्या पट्ट्यात त्यांच्या हातांनी चाक आडवं वळवलं.

त्यानंतर रॉइसदादा दोरी फिरवून गवत छाटणाऱ्या हातातल्या कटरने जमेल तेवढं कापत होता. यंदा त्याची पाठ धरली.

"या वर्षी मी कापणार," आई म्हणाली. "बसायचा मोवर घेऊ."

"आई, त्याच चढावर?"

"मग? चढ बदलून आणू?"

"मी कापते."

"आणि पुढच्या वर्षी? लेक्सिंग्टनहून रोज येशील? बूट घाल, डेन्झिलकडे जायचंय."

डेन्झिलकाकांचं दुकान गावात, पुलाच्या अलीकडे. शाळेत आईच्याच वर्गात होते ते. दुकानासमोर मोवर ओळीने लावलेले, आणि काका त्यांच्यामध्ये कॉफीचा कप घेऊन उभे.

"चढ किती आहे, ग्लेना?"

"चढ कसला. जरासं उतरतं."

"या दुकानात आलेल्या एकाही माणसाचं अंगण आजवर चढाचं नव्हतं. सगळ्यांचं जरासं उतरतं. मग मोवर ओढ्यातून काढायला मलाच बोलावतात."

"बावीस अंश," मी म्हणाले. "सगळ्यात उभ्या पट्ट्यात. मी मोजलेत."

काकांनी शीळ घातली. "पंधराच्या वर नेऊ नका, असं पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणारा सपाट इंडियानातला असणार," आई म्हणाली. "त्याने चढ फक्त जिन्यात बघितलाय."

पहिला मोवर जागच्या जागी गरकन वळणारा होता. "चढावर याची पुढची चाकं नुसती भिरभिरतात," काका म्हणाले. "थांबवायला गेलं की घसरगुंडी. हा सपाटीवाल्यांचा." दुसरा लहान आणि हलका, बाबांच्या मोवरसारखा. मी चाकांमधलं अंतर बघत होते, बसायची जागा किती उंच आहे ते बघत होते. वजन जितकं खाली आणि चाकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकं कलंडणं अवघड. आई यातलं काहीच बघत नव्हती.

"चालू करून दाखव," ती म्हणाली.

पहिला चालू झाला. आई डोळे मिटून उभी राहिली. "हा नाही." दुसरा. "हाही नाही."

"ग्लेना, मोवर घेतेयस की पियानो?"

"तू किल्ली फिरव."

तिसऱ्याचा आवाज सलग होता. ठोके नाहीत, फट नाही, नुसता एकसारखा गुंजणारा. आईचा हात पुढे झाला आणि मोवरच्या बॉनेटवर टेकला. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"हाच," ती म्हणाली.

"हाच काय?"

"हाच येतो टेकाडावरून. आर्लिसचा, तुझ्या बापाचा आवाज. तोच मला सांगत होता, हा घे म्हणून." आई हसत होती. तीन वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

मला त्यातली चूक दिसली आणि मी ती बोलून गेले. "आई, बाबांच्या मोवरला एकच सिलिंडर होता. त्याचा आवाज तुटक यायचा, ठोके वेगळे कळायचे. हा दोन सिलिंडरचा आहे. हा बाबांचा आवाज असूच शकत नाही."

डेन्झिलकाकांनी किल्ली फिरवून मोवर बंद केला. कप बॉनेटवर ठेवला.

"टेकाडावरून येतो म्हणजे? कधीपासून?"

"झाला महिना," आई म्हणाली. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"हे मॉडेल याच वर्षी निघालंय, ग्लेना. आपल्या घळीत एकानेही घेतलेलं नाही. हा पहिलाच आलाय, मागच्या आठवड्यात."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणीच बघेना, तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसले.

आमच्याकडे दोन गोष्टी वेगळ्या धरतात. गेलेलं माणूस मागे रेंगाळतं ते भूत. आणि जे अजून व्हायचंय त्याचा आवाज आधीच येतो, त्याला म्हणतात टोकन. शवपेटी ठोकायच्या आधीच हातोडी ऐकू येते. दारावर थाप पडते आणि बाहेर कुणी नसतं. बँकेच्या रांगेत मिळतं ते टोकन वेगळं. पण नंबर लागला एवढं दोन्हींतून कळतं.

"हा मी तुला विकणार नाही," काका म्हणाले.

"तू दुकानदार आहेस की पाद्री?"

"आर्लिसला खांदा दिलाय मी. तुझ्या पेटीला हात लावायचा नाहीये मला. शाळेच्या नाचात तू मला नाही म्हणालीस, ते मी विसरलो; पण हे विसरता यायचं नाही." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "मागे ये. दुसरा दाखवतो."

मागच्या बाजूला एक बुटका, रुंद, नारिंगी मोवर उभा होता. जुना, पण धडधाकट. बसायच्या जागेमागे जाड लोखंडी कमान, आणि सीटला पट्टा. उलटला तर कमान जमिनीवर टेकते आणि माणूस तिच्या आत राहतो, पट्टा लावलेला असेल तर. मला तो बघताक्षणी आवडला. आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"डोक्यावर झोपाळ्याची कमान घेऊन फिरणार का मी?"

काकांनी तो चालू केला. खडखडाट झाला.

"हा आवाज मी कधी ऐकलेला नाही," आई म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय, हा घे."

आई आमच्या छोट्या ट्रककडे चालू लागली. मी तिच्या मागे.

आम्ही घरी निघालो. मी गाडी चालवत होते. चर्चच्या वळणावर ती म्हणाली, "म्हणजे तो नव्हताच."

मला वाटत होतं, ती घाबरली असेल. ती घाबरली नव्हती. मांडीवर हात ठेवून, मोठ्या माणसाने रागावल्यावर लहान मूल बसतं तशी बसली होती.

"महिनाभर मी दुपारी त्याच्याशी बोलले. काय स्वयंपाक केला ते सांगितलं. आणि तिथे कोणी नव्हतंच."

"आई, तो आवाज आहे की नाही हेच मला—"

"तुला येत नाही, मला येतो. त्यावर वाद नको." मग, "घेतला असता तोच तर काय झालं असतं?"

"तो घेतलाच नाही तर ते होणारच नाही. कारणच काढून टाकलं की पुढचं कसं होईल?"

"टोकन म्हणजे इशारा नव्हे, पोरी. ते नुसतं कळवणं असतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खिडकीतून कापलेल्या चाऱ्याचा वास येत होता.

"आई, एक विचारते. तुला वर गवत कापायला जायचंय, की बाबांकडे जायचंय?"

तिने खिडकीची काच वर केली.

"गवत कापायचंय," ती म्हणाली. "डेकोरेशन आलंय." आणि मग, जवळजवळ चिडून, "दोन्ही. झालं समाधान? तुमच्या कॉलेजात असले प्रश्न विचारायला शिकवतात?"

"नाही. तिथे याहून सोपे असतात."

ती हसली नाही, पण नाक तरी ओढलं. मी म्हणाले, "पट्टा असलेला मोवर घेऊ. तू चालव. उभा चालव, आणि पट्टा लाव. मी खाली उभी राहीन. एवढं कबूल कर, बाकी काही मागत नाही."

"आणि पट्टा लावून मेले तर?"

"तर कमानीवर नाव कोरून तीच कबरीवर उभी करू. दगडाचा खर्च वाचेल."

"बापावर गेलीयस," आई म्हणाली. "वळव गाडी."

नारिंगी मोवर शुक्रवारी घरी आला. डेन्झिलकाकांनी स्वतः आणून उतरवला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेसा, त्या तिसऱ्या मोवरचे स्पार्क प्लग मी काढून ठेवलेत, चालूच होऊ नये म्हणून. कंपनीला परत धाडतोय." मी विचारलं, तुम्ही खरंच हे सगळं मानता का? ते म्हणाले, "मी मोवर विकतो. मला जे परवडत नाही ते मी करत नाही."

शनिवारी दुपारी आई बाबांची टोपी घालून वर चढली. खालचं अंगण तिने आधीच कापून टाकलं होतं, सरावाला. मी अक्रोडाखाली उभी. ती उभ्या रेषेत चढत गेली, माथ्यावर वळली, तशीच खाली आली. मोवर दमदार होता. मागची चाकं कुठेही सुटली नाहीत. दर फेरीला गवतात एक उजळ पट्टा उमटत होता. आई मध्येच हात उंचावून काहीतरी ओरडली, मला वाटतं, "पियानो!" असं असावं.

मग ती त्या पट्ट्यात आली. स्मशानाच्या खाली, जिथे बाबांचा मोवर उलटला होता. मध्यावर तिने मोवर थांबवला, ब्रेक ओढला. मी बघितलं, तिचा हात कमरेकडे गेला. पट्टा सुटला. ती उभी राहिली.

सीटवरचं वजन गेलं की हा मोवर आपोआप बंद पडतो. खडखडाट थांबला आणि घळ एकदम मोकळी झाली. ओढा, एक सुतार पक्षी. आई चढावर पाय रोवून उभी होती, मान तिरकी करून.

मी चढू लागले होते. आणि तेव्हा मला तो आवाज आला.

माझ्या मागून, अक्रोडाकडून. सलग. ठोके नाहीत, फट नाही. मी वळून बघितलं. ताजं कापलेलं गवत आणि ऊन. आवाज मोठा होत गेला, माझ्या उजवीकडून निघून चढ आडवा कापत आईच्या दिशेने चालला. मी त्याचा वेग मोजला. खरंच मोजला, सवयच तशी. माणूस सावकाश चालतो तेवढा.

"तेसा," आईने वरून हाक मारली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुला येतोय का गं? मला आज येत नाहीये."

ती वाट बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ती तिथेच थांबली असती, त्या पट्ट्यात, पट्टा सोडून, तो येईपर्यंत. तिच्यापासून तो आता हाकेच्याही अलीकडे होता.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही, आई. बस खाली. पट्टा लाव."

तिने बाबांची टोपी सारखी केली. मग बसली. पट्टा अडकल्याचा कडक आवाज इथपर्यंत आला. खडखडाट सुरू झाला, आणि त्या खडखडाटात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मोवर नाक वर करून सरळ माथ्याकडे निघाला.

मी तिच्यामागून चढले. सरळ, तिच्या चाकांच्या रेषेतून, इकडे तिकडे एकही पाऊल न टाकता. वर पोचल्यावर ती म्हणेल, काय गं, घाम का फुटलाय एवढा. आणि मी म्हणेन, चढ आहे.