टाकीच्या कपाळावरचं कुंकू

मित्रांनो, प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, की काहीही बिघडलं तरी नाव त्याचंच निघतं. चामटोलीच्या हिरामणदादांकडे तो मान माझा. मी एक जुना कार्बोरेटर आहे. विहिरीतलं पाणी उपसणाऱ्या छोट्या इंजिनाच्या कुशीला बसतो. वरच्या टाकीतून पेट्रोल माझ्या वाटीत उतरतं, त्यात हवा कालवून मी इंजिनाला भरवतो. काम आईचं, पण बोलणी मात्र सावत्र आईची.

सुरुवातीची वर्षं थाटाची होती. पाहुणे आले की हिरामणदादा त्यांना चहाआधी विहिरीवर न्यायचे. "बघा हां, एकच झटका!" म्हणून दोरी ओढायचे. इंजिन धडधडायचं, काकडीच्या वाफ्यांत पाणी धावायचं आणि कौतुक इंजिनाच्या लाल रंगाचं व्हायचं. असो.

दर दसऱ्याला विठावहिनी यंत्राची पूजा करायच्या. यंत्राचं कपाळ कुठलं, हा प्रश्न त्यांनीच सोडवला होता. सगळ्यात उंच असतं ते कपाळ, म्हणजे टाकीचं झाकण. कुंकू टिकावं म्हणून त्या ते तेलात कालवायच्या. झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं. वरून हवा आत आली तरच पेट्रोल खाली उतरतं, त्यासाठीचं. विठावहिनींना वाटलं, टिळ्याची जागा कारखान्यानेच खूण करून दिली आहे.

वर्षावर वर्षं टिळे चढले आणि भोक बुजलं. इंजिन थोडा वेळ चालायचं, मग आचके देऊन बंद पडायचं.

"कार्बेटरनं दगा दिला," हिरामणदादा म्हणाले आणि इंजिन अंबरनाथ पूर्वेला हरिचंद्र मेकॅनिककडे नेलं. त्याने मला उघडलं, घासलं, तोंडाने फुंकलं. त्याच्या तंबाखूचा वास मला आठवडाभर पुरला. मग टाकीत पेट्रोल आहे का बघून त्याने झाकण नुसतं वर टेकवलं आणि दोरी ओढली. इंजिन सोन्यासारखं चालू!

"कचरा होता, दादा. काढला. टेन्शन नको."

घरी आल्यावर हिरामणदादांनी झाकण दातओठ खाऊन आवळलं. पेट्रोलची वाफसुद्धा फुकट जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. इंजिन पुन्हा बंद.

असं इतक्यांदा झालं, की हरिचंद्र वैतागला. "दादा, माझ्याकडे चालतं, तुमच्याकडे बंद पडतं. तुमच्या विहिरीलाच बघवत नसेल."

विठावहिनींनी यातून एवढंच उचललं, की दृष्ट लागली आहे. त्या मंगळवारी आणि शुक्रवारीही टिळा लावू लागल्या.

चैत्र तापला. फुलावर आलेले काकडीचे वेल माना टाकू लागले. त्या वेलांवरच घरचं पुढचं सगळं होतं. शेवटी हिरामणदादांनी उल्हासनगरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साईं, जुना दे, नवा घे. उद्या टेम्पो पाठवतो." 'जुना' म्हणजे इंजिनासकट मी, आणि पुढे भंगार. त्या संध्याकाळी इंजिन शेवटचं बंद पडलं तेव्हा कुणी शिवीही घातली नाही. तेच जास्त लागलं.

सकाळी टेम्पो दारात आला. हिरामणदादा इंजिनाला हात घालणार, तोच विठावहिनी ओल्या फडक्यानिशी धावल्या.

"अवो, थांबा! पूजलेली वस्तू कुंकवासकट परक्या दारी नाय धाडत. लक्ष्मी जाते."

त्यांनी कुंकवाचा थर खरवडला. भोकात अडकलेलं डोक्याच्या पिनेनं टोकरलं. आणि टाकीने "स्सूऽऽ" करून केवढा तरी श्वास आत ओढला.

"अगं बाई! जीव हाय याच्यात!" विठावहिनी फडकं टाकून मागे सरल्या.

"जीव कसला? बघू," म्हणत हिरामणदादांनी दोरी ओढली. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. पहिला वाफा भरला, दुसरा भरला, शेवटचाही भरला. हिरामणदादांनी हळूच भोकावर अंगठा दाबून धरला. थोड्या वेळाने इंजिनाला आचके आले. अंगठा काढला, स्सू झालं, इंजिन सावरलं.

ते विठावहिनींकडे बघत राहिले. "कुंकू तुझं."

"आनि झाकण कोण आवळत होतं?"

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "दादा, न्यायचं की नाही?"

"पंधरवड्यानं ये. काकड्या ने!"

विठावहिनी आनंदाने आत गेल्या आणि येताना कुंकवाची वाटी घेऊन आल्या. तेलातली. बोट झाकणाकडे निघालं.

"नको!" हिरामणदादा ओरडले.

"मग उघड्या कपाळानं ठेवू काय?"

हिरामणदादांनी माझ्याकडे बोट केलं. "याला लाव. शिव्या यानेच खाल्ल्यात."

मित्रांनो, उकिडवं बसून त्यांनी माझ्या वाटीच्या बुडाला टिळा लावला. आयुष्यातला माझा पहिला. कुणाचे लाड करायचे असतील तर जरूर करा, फक्त त्याचं श्वासाचं भोक कुठे आहे ते आधी बघून ठेवा. माझं डावीकडे आहे. विठावहिनींना अजून ते कुणी सांगितलेलं नाही, आणि दसरा जवळ येतोय.