माझ्या डबीत दुसराच बसलाय

मी देवघरातला चांदीचा रुपया बोलतोय. जपून बोलतोय, कारण माझ्या शेजारी डबीत जो बसलाय, तो माझंच नाव लावून बसलाय. त्याची मला भीती वाटते.

माझा जन्म इंग्रजी अमदानीतला, वय शंभरीपार. कधी धानाच्या कोठीत, कधी कुणाच्या लुगड्याच्या गाठीत असं आयुष्य काढलं. अंगावर निळसर काळी झाक चढली. तिला मी म्हातारपण समजत होतो, पण गोंदियाच्या सराफ्यातल्या ईश्वरदास शेठना ती फार आवडली. त्यांनी मला नाणी पारखणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. तिथं माझं वजन झालं, भिंगाखाली उलटापालट झाली, माझ्यावरच्या राजाच्या कानाखालचा बारीक ओरखडासुद्धा फोटोत आला. मग खरेपणाची नि दर्जाची चिठ्ठी, नंबर आणि मी, असे तिघे एका प्लास्टिकच्या डबीत बंद. सुरुवातीला जीव गुदमरला. नंतर वाटलं, इतका सुरक्षित मी कधीच नव्हतो.

मला घेतलं चेतनानं. ती शाळेत शिकवते. चांदीची जुनी नाणी जमवायचा नाद तिला नुकताच लागलेला. पहिला रुपया तिनं बाजारात एका फेरीवाल्याकडून घेतला होता. घरी सासूबाईंनी, म्हणजे सुशिलाबाईंनी, त्याला चिंच लावून घासलं आणि राजाच्या नाकावर तांबं उघडं पडलं. तेव्हापासून चेतनानं धसकाच घेतला. आपल्यासारख्या नवख्यांनी डबीतलंच नाणं घ्यावं, असं तिनं ठरवून टाकलं. अर्जुनी मोरगावच्या धाकट्या भावाला, ओमेशलाही तिनं फोनवर हेच बजावलं. नुसत्या चांदीपेक्षा माझी किंमत कितीतरी जास्त होती, पण तिनं ती मुकाट्यानं दिली.

सुशिलाबाईंना मात्र डबी पटेना. या घरात धनतेरसला सगळी चांदी चिंच-राखेनं घासून पाटावर मांडायची रीत.

"काऊन वो चेतना, लक्ष्मीले कोंडून काऊन ठेवलीस? हळदकुंकू का प्लास्टिकले लावू?"

"आई, ते उघडायचं नसते. उघडलं का किंमत गेली."

"चांदीची किंमत कशी जाईन?"

धनतेरसच्या सकाळी चेतना फुलं आणायला बाहेर पडली आणि सुशिलाबाईंनी पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला. डबीच्या कोपऱ्यावर पातं टेकलं. मला पळायला पाय नाहीत की ओरडायला तोंड नाही. कट् असा आवाज झाला, डबी सांध्यातून उघडली आणि कोपऱ्याला तेवढा एक टवका गेला. मग चिंच, मग राख. शंभर वर्षांची झाक मोरीतून वाहून गेली.

"पाय बरं, कसा चमकून राहिला!" त्या कौतुकानं म्हणाल्या.

चेतना मला पाहून रडलीच. तिचं रडणं पाहून सुशिलाबाईंना चूक कळली.

चेतना मला आणि डबीला घेऊन शेठकडे गेली.

"मॅडम, अब ये सिर्फ चांदी है. सिक्का तो धुल गया," शेठ म्हणाले. "डिब्बी छोड़ जाइए, मैं फेंक दूंगा."

तिनं डबी सोडली आणि मला मुठीत घेऊन निघाली. बोटांच्या फटीतून मी मागे पाहिलं. शेठ डबी फेकत नव्हते. ती पुसून गल्ल्यात ठेवत होते.

वर्ष फिरून पुन्हा धनतेरस आली. कालच ओमेश आला.

"ताई, तू म्हणाली होतीस ना, डबीतलाच घे म्हणून? हा बघ, तुझ्याच शेठकडून घेतला. आता लग्नासाठी ठेवलेले पैसे घालून आणखी घेऊन राहिलो."

डबी पाहताच मी ओळखली. कोपऱ्यावरचा टवका घासून गुळगुळीत केलेला. चेतनानं फोनवर, त्या पारखणाऱ्या कंपनीच्या साइटवर डबीवरचा नंबर टाकला. नंबर जुळला, दर्जा जुळला, फोटोही आला. फोटो माझा! कानाखाली ओरखडा आहे तो मी. डबीतल्याच्या कानाखाली काहीच नाही. पण हा आपल्याच जुन्या डबीचा नंबर, हे चेतनाला आठवलं नाही; तो जुळताच तिनं फोन खाली ठेवला.

"खरा आहे रे!" ती हसून म्हणाली.

आज सकाळी सुशिलाबाई चिंच भिजवून बसल्या. त्यांनी मला घासलं. मला आता कसली भीती? माझं जायचं ते गेलं. मी शेजारच्या डबीकडे पाहत होतो. त्यांचा हात डबीकडे गेला तशी मला आशा वाटली, चिंच लागली की याचंही तांबं उघडं पडेल. पण हात मध्येच थांबला.

"नाही बाप्पा. याले मी आता हात नाही लावत."

त्यांनी प्लास्टिकवरच कुंकू लावलं.

नवख्यांनो, डबीतलं नाणं जरूर घ्या, पण नंबर जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. फोटो आणि नाणं शेजारी धरून, ओरखडा न् ओरखडा पाहा. आणि फुटलेली डबी कुणाच्या हाती ठेवून येऊ नका.

ओमेश चप्पल घालतोय. शेठचं दुकान आता उघडेल. सुशिलाबाई, चिंच अजून ओलीच आहे. अडकित्ता पानाच्या डब्यात आहे. घ्या ना हो हातात!